ब्याण्णव गुणांचा शेअर

आबिड्सच्या पदपथांवर रविवारी सकाळी जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. दवाखान्याला सुट्टी असल्याने गेली कित्येक वर्षे मी तेथे एक फेरी मारतो. पूर्वी वैद्यकीय ग्रंथांच्या मागील आवृत्त्या मिळाव्यात म्हणून, आता केवळ सवयीने. गेल्या हिवाळ्यात अशाच एका रविवारी आपल्या संस्थेचे एक तरुण अस्थिरोगतज्ज्ञ सभासद तेथे भेटले. इराणी चहा घेता घेता त्यांनी मोबाइल काढला, एका कंपनीचे नाव दाखवले आणि म्हणाले, "सर, याला ब्याण्णव आहेत, शंभरपैकी. उद्या घेतोय."

"कशाचे ब्याण्णव?" मी विचारले.

ते क्षणभर थांबले. "एकूण गुण आहेत, सर. सगळं धरून."

हे 'सगळं धरून' माझ्या मनात बराच काळ राहिले. संपादकांनी स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा लसीकरणावर किंवा आहारावर लिहावे, अशी त्यांची अपेक्षा असणार. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या मासिक सभेनंतर जेवणाच्या टेबलावर शेअर बाजाराची चर्चा जितकी रंगते, तितकी कोणत्याही व्याख्यानावर रंगत नाही. मी गुंतवणुकीचा सल्लागार नाही आणि कोणता शेअर घ्यावा हे सांगण्याची माझी पात्रता नाही. परंतु अनेक लक्षणांना गुण देऊन त्यांची बेरीज करणे आणि त्या बेरजेवर निर्णय घेणे, हे काम मी तीस वर्षे करीत आलो आहे. या बेरजेने मला दोनदा फसवले. एकदा रुग्णालयात, एकदा बाजारात. म्हणून हा विषय घेतला.

आपल्या सर्वांना परिचित असलेली बेरीज म्हणजे ॲपगार स्कोअर. व्हर्जिनिया ॲपगार या भूलतज्ज्ञ विदुषीने तो १९५३ साली प्रसिद्ध केला. हृदयाचे ठोके, श्वसन, स्नायूंचा ताण, उद्दीपनाला प्रतिसाद आणि त्वचेचा वर्ण अशी पाच लक्षणे, प्रत्येकी शून्य ते दोन गुण, एकूण दहा. सर्व लक्षणांना सारखेच वजन. हृदयाचा ठोका आणि कातडीचा रंग एकाच मापाने तोलावेत, हे विद्यार्थीदशेत मला फार खटकत असे.

शेअरचे गुणांकन करणाऱ्या पद्धती याच जातीच्या आहेत. फरक इतकाच की तेथे प्रत्येक निकषाला वेगळे वजन, म्हणजे भार, दिलेला असतो. अडचण अशी की निकषांची मापे एकमेकांशी जुळत नाहीत. भांडवलावरील परतावा टक्क्यांत, किंमत-उत्पन्न गुणोत्तर (ज्याला सगळे पी-ई म्हणतात) पटींत, कर्ज हे भांडवलाच्या प्रमाणात. यांची थेट बेरीज करणे म्हणजे बाळाचे वजन, उंची आणि ताप यांची बेरीज करण्यासारखे होईल. म्हणून प्रथम सर्वांना एका मापावर आणावे लागते.

पाच काल्पनिक कंपन्या घेऊ. 'अ' कंपनीचा भांडवलावरील परतावा २८ टक्के, म्हणजे पाचांत सर्वाधिक. कर्ज सर्वांत कमी. परंतु शेअर सर्वांत महाग, पी-ई ४०. 'ब' कंपनीचा परतावा १८ टक्के, पी-ई १५, कर्ज मध्यम. 'क' कंपनीचा परतावा १६ टक्के, पी-ई अवघा ६, परंतु कर्ज सर्वाधिक. 'ड' आणि 'इ' यथातथाच. प्रत्येक निकषावर पाचांचा क्रम लावायचा आणि पहिल्याला १००, मग ७५, ५०, २५ आणि शेवटच्याला शून्य द्यायचे. परतावा जितका जास्त तितका चांगला, पी-ई आणि कर्ज जितके कमी तितके चांगले, ही दिशा आधीच ठरवून ठेवायची. मग परताव्याला ५०, पी-ईला ३० आणि कर्जाला २० टक्के भार देऊन बेरीज करायची.

'अ'ला परताव्यात १००, पी-ईत शून्य, कर्जात १००; भार लावून ५० अधिक शून्य अधिक २०, म्हणजे ७०. 'ब'ला अनुक्रमे ७५, ७५ आणि ५०. म्हणजे साडेसदतीस अधिक साडेबावीस अधिक १०, पुन्हा ७०. 'क'ला ५०, १०० आणि शून्य, एकूण ५५. 'अ' आणि 'ब' या दोन कंपन्यांत काहीही साम्य नाही. एक उत्तम परंतु महाग, दुसरी सर्वच बाबतींत बरी. तरी दोघींच्या कपाळी ७०.

आता भार बदलू. परताव्याला ३० आणि पी-ईला ५० देऊ, कर्जाचे २० तसेच ठेवू. 'ब' ७० वरच राहते, 'क' ६५ वर चढते आणि 'अ' ५० वर घसरून तिसऱ्या क्रमांकावर येते. कंपन्यांत रतीभरही बदल झालेला नाही. बदल झाला तो गुण देणाऱ्याच्या मतात. मोबाइलवर मात्र हे मत दिसत नाही, आकडा दिसतो.

पुढे आणखी एक पायरी असते आणि तीच सर्वांत कमी लक्षात येते. अनेक पद्धतींत भारित बेरीज झाल्यावर तिचा पुन्हा एकदा क्रम लावतात आणि त्या क्रमालाच शंभरपैकी गुण म्हणतात. म्हणजे वरच्या उदाहरणात ७० मिळवणाऱ्या 'ब'ला शेवटी १०० दिसतील, कारण पाचांत ती पहिली आहे. याचा अर्थ ती कंपनी परिपूर्ण आहे असा नव्हे. इतर चार तिच्यामागे आहेत, एवढाच.

हे आपल्या वाढीच्या तक्त्याशी ताडून पाहावे. मूल पन्नासाव्या पर्सेंटाइलवर आहे असे आपण म्हणतो तेव्हा तुलना कोणाशी असते? जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेली पाच वर्षांखालील बालकांची मानके दिल्लीसह सहा देशांतील, चांगल्या परिस्थितीत वाढलेल्या आणि स्तनपान मिळालेल्या बालकांवरून तयार झाली. ती पट्टी स्थिर आहे. कुपोषणाच्या वॉर्डात तीस मुले असतील तर त्या पट्टीवर तीसही खाली दिसतील. शेअरच्या क्रमवारीत पट्टी बाहेरून येत नाही. वॉर्डातील मुलेच एकमेकांची पट्टी असतात. तीस कुपोषितांतील त्यातल्या त्यात बऱ्या मुलाला तेथे शंभर मिळतात. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात ३,९०० अंशांहून अधिक कोसळून २६,०००च्या खाली बंद झाला. जानेवारीत तो ४२,०००ला शिवून आला होता. त्या संध्याकाळीही प्रत्येक क्रमवारीत कोणीतरी शंभरावर विराजमान होतेच.

क्रम लावताना अंतरही हरवते. वरच्या उदाहरणात २८ आणि १८ यांतील दहा टक्क्यांचा फरक आणि १८ व १६ यांतील दोन टक्क्यांचा फरक, दोन्हींची किंमत सारखीच, पंचवीस गुण. हे टाळण्यासाठी काही पद्धती क्रमाऐवजी झेड स्कोअर वापरतात. तो आपला जुनाच स्नेही. सरासरीपासून किती प्रमाण विचलने दूर, एवढेच तो सांगतो. उंचीच्या मानाने वजन उणे तीनच्या खाली गेले की आपण तीव्र कुपोषण म्हणतो. बाजारात त्याची अडचण अशी की एखाद्या कंपनीचा आकडा अफाट असला तर सगळी बेरीज तोच ओढून नेतो. म्हणून अधिक-उणे तीनच्या पलीकडील आकडे बऱ्याचदा तीनवरच थांबवतात. आपल्याकडे वयाच्या मानाने वजनाचा झेड स्कोअर उणे सहाच्याही खाली आला तर आपण मुलापेक्षा नोंदीवर संशय घेतो आणि पुन्हा वजन करतो. बाजारात पुन्हा वजन करण्याची सोय नसते.

आतल्या दोन बारीक गोष्टी. निकष बहुधा गटांत बांधलेले असतात. 'मूल्य' गटाला ४० टक्के आणि त्या गटात पी-ईला निम्मा वाटा असेल तर पी-ईचा खरा भार २० टक्के. मात्र त्याच गटात पुस्तकी मूल्याशी किमतीचे गुणोत्तर आणि लाभांशाचे प्रमाण हेही असले, तर तिन्हींत शेअरची किंमतच दडलेली असते. तीन रकाने दिसतात, बोलणारा एकच असतो. दुसरी गोष्ट, माहिती नसेल तेथे काय करायचे? कोणी मधले ५० गुण देतात, कोणी शून्य, कोणी तो निकष वगळून उरलेल्यांवर भार वाटतात. केस पेपरवर ज्या तपासणीचा निकाल आलाच नाही तेथे 'नॉर्मल' लिहावे की नाही, हा आपल्याकडचाही जुना वाद आहे.

मग भार ठरवायचे कसे? एडवर्ड ऑल्टमन यांनी १९६८ साली दिवाळखोर झालेल्या ३३ आणि तग धरलेल्या ३३ कंपन्यांच्या आकड्यांवरून ते संख्याशास्त्राने काढले. त्यांच्या सूत्रातील पाच गुणोत्तरांपैकी व्याज व करपूर्व नफ्याच्या गुणोत्तराला ३.३ इतका सर्वाधिक भार आहे. जोसेफ पिओट्रोस्की यांनी २००० साली तो खटाटोपच टाळला आणि नऊ प्रश्न घेऊन प्रत्येकाला 'हो' असल्यास एक, 'नाही' असल्यास शून्य गुण दिला. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डॉज यांचा १९७९ सालचा एक प्रसिद्ध लेख आहे. त्यांनी दाखवून दिले की निकष योग्य निवडले आणि त्यांची दिशा बरोबर असली, तर सर्वांना समान भार देऊनही भाकीत जवळजवळ तितकेच चांगले येते. तो वाचल्यावर ॲपगारबाईंविषयीची माझी तक्रार मी मागे घेतली. परंतु 'दिशा बरोबर असली तर' या अटीपाशी मी थबकलो, कारण माझे दोन्ही अपघात तेथेच झाले होते.

पहिला नव्वदच्या दशकातला. हैदराबादच्याच एका मोठ्या सरकारी रुग्णालयात मी निवासी डॉक्टर होतो. रात्री अपुऱ्या दिवसांचे एक बाळ श्वसनाच्या त्रासाने दाखल झाले. डाउन्स स्कोअर लावला: श्वसनाचा वेग, नीलता, हवेचा प्रवेश, कण्हणे, छाती आत ओढली जाणे, प्रत्येकी शून्य ते दोन, जास्त गुण म्हणजे जास्त त्रास. मध्यरात्री सहा. दोन वाजता चार. चार वाजता तीन. कण्हणे थांबले होते, छाती फारशी ओढली जात नव्हती, श्वासाचा वेग साठच्या खाली आला होता. मी केस पेपरवर 'सुधारणा' असे लिहिले आणि पुढच्या खाटेकडे वळलो. रात्रपाळीच्या वयस्कर सिस्टर बाळापाशीच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "डॉक्टर साब, बच्चा थक गया."

मी वळून पाहिले तोवर श्वास थांबला होता. ॲम्बू बॅग त्यांनी आधीच जोडून ठेवली होती, म्हणून ते बाळ वाचले. पाच आठवड्यांनी घरी गेले. थकलेले बाळ कण्हत नाही आणि छातीही ओढत नाही, कारण त्याच्यात तेवढे बळ उरलेले नसते. गुण कमी होणे हे एका टप्प्यापर्यंत सुधारणेचे लक्षण आणि त्यानंतर नेमके उलटे. पाचही रकाने मी बरोबर भरले होते, बेरीजही बरोबर होती.

हे शिकलेल्या माणसाने तीच चूक पुन्हा करावी, याला काय म्हणावे! २०१६च्या सुमारास मी संगणकावर स्वतःचा तक्ता केला. सहा निकष: परताव्याला २५, पी-ईला २०, विक्रीतील वाढ, कर्ज आणि लाभांशाचे प्रमाण यांना प्रत्येकी १५, नफ्याच्या सातत्याला १०. तक्त्याचा मला अभिमान होता. २०१८ साली त्यात एक लहान कंपनी ७८ गुणांनी वर आली आणि मी तिचे शेअर घेतले. किंमत उतरू लागली. दोन महिन्यांनी तक्ता पुन्हा चालवला तर ८४ गुण. मी आणखी घेतले. किंमत निम्म्यावर आली तेव्हा ९१. मी आणखी घेतले.

गुण का वाढत होते हे आता शाळकरी मुलालाही सांगता येईल. पी-ईच्या वरच्या अंगाला किंमत असते, ती रोज बदलते. खालच्या अंगाला नफा असतो, तो मागच्या जाहीर वर्षाचा. लाभांशाचे प्रमाणही तसेच, मागचा लाभांश भागिले आजची किंमत. किंमत कोसळली की पी-ई देखणा होतो आणि लाभांश घसघशीत दिसतो. पस्तीस टक्के भार असलेले माझे दोन रकाने, कंपनीचा जीव जात असताना, भरभरून गुण देत होते. त्याच काळात तिच्या लेखापरीक्षकाने वर्षाच्या मध्यावर राजीनामा दिला आणि प्रवर्तकांनी स्वतःचे बहुतेक शेअर कर्जासाठी गहाण ठेवल्याची नोंद प्रसिद्ध झाली. दोन्ही गोष्टी मी वाचल्या होत्या. तक्त्यात त्यांना रकाना नव्हता, म्हणून त्या मोजल्या गेल्या नाहीत.

साडेचार लाखांतील सत्तर हजार परत आले. ते पैसे आमच्या नर्सिंग होममधील नवजात कक्षात दोन वॉर्मर आणि एक सीपॅप घेण्यासाठी बाजूला ठेवलेले होते. ती खरेदी दीड वर्ष लांबली. माझी पत्नी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. त्या दीड वर्षात तिने या विषयावर मला एकदाही बोल लावला नाही. रात्री-अपरात्री धाप लागलेले बाळ दुसरीकडे पाठवण्यासाठी रुग्णवाहिका बोलावताना तिचा फोनवरचा आवाज मात्र मी शेजारच्या खोलीतून ऐकत असे.

रकाने वाढवले की प्रश्न सुटला, असेही नाही. आपल्या शहराला हे वेगळे सांगायला नको. १९४३ साली स्थापन झालेला हैदराबादचा शेअर बाजार प्रथम कोठीत, भाड्याच्या जागेत भरत असे. २००७ साली त्याची मान्यता संपली आणि लगेच दोन वर्षांत या शहराचे नाव देशभरच्या गुंतवणूकदारांच्या तोंडी वेगळ्याच कारणाने आले. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून हिशेबांतील बनाव कबूल केला. ताळेबंदात दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँकेतील शिल्लकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. सप्टेंबर २००८च्या तिमाहीत ६४९ कोटींचा कार्यकारी नफा दाखवला होता. खरा होता ६१ कोटी. म्हणजे विक्रीवरील २४ टक्के नफ्याऐवजी ३ टक्के. त्या एका दिवसात शेअर सुमारे १७९ रुपयांवरून ४० रुपयांच्या आसपास आला. याच कंपनीला अवघ्या चार महिन्यांपूर्वी उत्तम कारभारासाठीचा 'गोल्डन पीकॉक' जागतिक पुरस्कार मिळाला होता. तो पुढे काढून घेण्यात आला.

कोणत्याही तक्त्यात घालून पाहा. नफा उत्तम, रोख मुबलक, कारभाराला पुरस्कार. पिओट्रोस्की यांच्या नऊ प्रश्नांत नफ्यामागे रोख खरोखर येते का, हा फार शहाणा प्रश्न आहे. परंतु बँकेची कागदपत्रेच बनावट असतील तर तोही निरुत्तर होतो. काट्याचा शून्यच सरकलेला असला तर वाढीचा तक्ता कितीही शास्त्रीय असो, मूल गुटगुटीतच दिसणार. आकड्यांबाहेरची एक खूण मात्र तीन आठवडे आधी सर्वांना दिसली होती. १६ डिसेंबर २००८ रोजी सत्यमने राजू कुटुंबीयांशीच संबंधित असलेल्या दोन 'मेटास' कंपन्या सुमारे १.६ अब्ज डॉलरना विकत घेण्याचे जाहीर केले आणि भागधारकांचा संताप पाहून काही तासांतच माघार घेतली. या प्रकरणानंतर, जानेवारी २००९ मध्येच, प्रवर्तकांनी गहाण ठेवलेले शेअर जाहीर करणे सेबीने बंधनकारक केले. मी २०१८ साली जी नोंद वाचून सोडून दिली, ती सत्यमच्या भागधारकांच्या पैशाने विकत घेतलेली होती.

लहान मुलांच्या एकात्मिक उपचारपद्धतीत, जी आपण परिचारिकांना आणि आशा कार्यकर्त्यांना शिकवतो, बेरीज मुळी नाहीच. पिणे किंवा अंगावर ओढणे बंद, प्यायलेले सारे उलटून पडणे, झटके, सुस्ती किंवा बेशुद्धी. यांपैकी एकही असले की बाकी सारे उत्तम असले तरी मूल तातडीने वर पाठवायचे. नवजात बालकाचे पुनरुज्जीवनही ॲपगारची बेरीज होईपर्यंत थांबत नाही; श्वास आणि हृदयाचा ठोका पाहून हात चालू होतात, गुण नंतर नोंदले जातात. ॲपगारमध्ये रंगाचे दोन गुण ठोक्याची उणीव भरून काढू शकतात, कारण बेरजेचा स्वभावच भरपाईचा आहे. धोक्याच्या चिन्हांना भरपाई मान्य नाही.

माझा तक्ता अजून आहे. बेरीज मी सोडलेली नाही. पाचशे कंपन्यांतून तीस निवडायच्या तर दुसरा मार्ग नाही, आणि माझ्या लहरीपेक्षा ती बरी. मात्र बेरजेच्या आधी लाल रंगाचे चार रकाने आहेत आणि त्यांना भार नाही: लेखापरीक्षक मुदतीआधी गेला का, प्रवर्तकांचे शेअर गहाण आहेत का, कंपनीचे पैसे प्रवर्तकांच्याच दुसऱ्या कंपनीत जात आहेत का, आणि गुण वाढले असतील तर ते नफ्यामुळे की केवळ किंमत पडल्यामुळे. एकाचेही उत्तर 'हो' आले, किंवा शेवटच्याचे 'किंमत पडल्यामुळे', तर ती ओळ तेथेच थांबते. या चाळणीत काही चांगल्या कंपन्याही गळतात, हे मला ठाऊक आहे. वर पाठवलेल्या मुलांपैकीही काही दुसऱ्या दिवशी हसत परत येतात.

त्या रविवारी आम्ही दोघांनी चहाच्या टेबलावर त्या ब्याण्णव गुणांच्या कंपनीची शेवटच्या तिमाहीची भागधारणेची नोंद उघडून पाहिली. प्रवर्तकांचे निम्म्याहून अधिक शेअर गहाण होते. अस्थिरोगतज्ज्ञांनी मोबाइल खिशात ठेवला आणि विचारले, "सर, हे ब्याण्णवमध्ये धरलेलं नसेल?" मी म्हटले, "धरलेले असेलही. दोन-चार टक्के भाराने."

त्यांनी पुढे ते शेअर घेतले की नाही, हे मी अद्याप विचारलेले नाही.